कापसाची जलवाट

आश्विन सरून कार्तिक लागला की वऱ्हाडातील काळ्याभोर शेतांचे रूप पालटू लागते. पऱ्हाटीवरची बोंडे उकलतात आणि काल हिरवे दिसणारे शेत आज पांढरे दिसू लागते. शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून, सीतादही करून, वेचणीला आरंभ होतो. कमरेला ओटी बांधलेल्या बाया ओळीने तासातून पुढे सरकतात; पहिला वेचा, दुसरा वेचा, तिसरा वेचा असे करता करता माघ उजाडतो. मग अमरावती, अकोला, खामगाव येथील बाजारांकडे कापूस धाव घेतो. मी लहान असताना बाजाराबाहेर रात्रभर थांबलेल्या बंड्यांची रांग मोजण्याचा आम्हां मुलांचा खेळ असे. शंभरापर्यंत मोजले की झोप येई. रांग मात्र संपलेली नसे.

हा कापूस पुढे कोठे जातो, असे तुम्हांला विचारले तर तुम्ही म्हणाल, ‘मालमोटारीने नाहीतर आगगाडीने मुंबईकडे’. उत्तर बरोबर आहे. परंतु एकोणिसाव्या शतकात असा एक काळ येऊन गेला, की जेव्हा वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे न जाता नेमका उलट दिशेला, पूर्वेकडे जावा, तोही रस्त्याने नव्हे तर नदीतून, नावांत बसून जावा, अशी मोठी खटपट चालली होती. तिच्यासाठी नदीच्या पात्रातील खडक फोडले गेले, बंधारे घातले गेले, कालवे खणले गेले, आणि लक्षावधी रुपये खर्ची पडले. त्या खटपटीची ही हकीकत आहे. ती नीट समजावी म्हणून भारताचा नकाशा समोर उघडून ठेवा.

नकाशावर प्रथम वर्धा नदी शोधा. ती सातपुड्यात, मध्य प्रदेशातील मुलताईजवळ उगम पावते आणि अमरावती व वर्धा ह्या दोन जिल्ह्यांची सीमा बनून दक्षिणेकडे वाहते. रुक्मिणीचे माहेर म्हणून प्रसिद्ध असलेले कौंडण्यपूर तिच्याच काठी आहे. पुढे तिला पैनगंगा मिळते. चंद्रपूर जिल्हा ओलांडल्यावर चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात, आणि त्या दोघींचे मिळून प्राणहिता असे नवे नाव होते. प्राणहिता सुमारे 113 किलोमीटर वाहून सिरोंचाजवळ गोदावरीत शिरते. गोदावरी पुढे इंद्रावतीला पोटात घेऊन भद्राचलमच्या रामाच्या चरणांशी येते, पापीकोंडा नावाच्या डोंगररांगेतील अरुंद खिंडीतून वाट काढते, राजमहेंद्रीला विशाल होते आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे कौंडण्यपूरच्या घाटावर एखाद्याने सोडलेला दिवा न विझता, न अडकता वाहत राहिला, तर तो आंध्रच्या किनाऱ्यावर जाऊन पोहोचेल. ‘न अडकता’ हे शब्द लक्षात ठेवा. साऱ्या हकीकतीची गोम तेथे आहे.

येथे अकोल्याच्या विद्यार्थ्यांनी एक शंका विचारली पाहिजे. अकोल्याची मोर्णा तर पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला मिळते आणि तापी पश्चिमेकडे, अरबी समुद्राकडे जाते. मग अकोल्याच्या कापसाचा वर्धेशी काय संबंध? शंका रास्त आहे. खुद्द अमरावतीजवळची पेढी नदीसुद्धा पूर्णेलाच मिळते. वऱ्हाडचे पाणी असे दोन समुद्रांत वाटले गेले आहे. तेव्हा पूर्वेच्या जलमार्गाने माल न्यायचा म्हणजे आधी तो बंड्यांतून वर्धेच्या काठापर्यंत आणणे भागच होते. अमरावतीच्या पूर्वेकडच्या भागाला हे सोयीचे, अकोल्याला काहीसे दूरचे आणि खामगावला तर फारच लांबचे पडणार होते.

मग असा आडवळणाचा विचार कोणाला सुचला, आणि का सुचला? त्याचे कारण त्या काळच्या रस्त्यांत आहे. रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून जात असे. बैलाच्या दोन्ही बाजूंना गोणी लोंबत सोडायची आणि तांडा हाकीत न्यायचा. अमरावतीचा माल असा सुमारे 500 मैल चालत गंगेकाठच्या मिर्झापुरास जाई आणि तेथे नावांत चढून कलकत्त्याला पोहोचे. 1842 साली एकाच व्यापाऱ्याने एक लक्ष बैलांवर लादून कापूस ह्या वाटेने पाठविला, असे सांगितले जाते. एक लक्ष बैल! त्यांचे पाणी, त्यांचा चारा, त्यांच्या घंटांचा नाद आणि त्यांच्या खुरांची धूळ ह्यांची कल्पना करून पाहा. ती धूळ कापसावर बसे. वाटेत अवकाळी पाऊस आला तर कापूस भिजे, आणि बैल मेला तर त्याची गोणी दुसऱ्या बैलाच्या पाठीवर पडे. महिनोन् महिने चालणाऱ्या अशा प्रवासात मालाची किंमत वाढत जाई आणि त्याचा कस उतरत जाई.

आता एक साधी गोष्ट ध्यानी घ्या. पाठीवर ओझे घेणाऱ्या बैलापेक्षा तोच बैल बंडीला जुंपला तर कितीतरी अधिक भार ओढतो, कारण भार चाकांवर असतो. आणि तोच बैल काठावरून चालत दोराने नाव ओढू लागला तर बंडीच्या अनेक पट भार हलवितो, कारण नावेचा भार पाणी सोसते. जड, थोड्या किमतीचा आणि फार घाई नसलेला माल पाण्यावरून नेणे सर्वांत स्वस्त, हा नियम जगभर व्यापाऱ्यांना फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. इंग्लंडमध्ये रेल्वे येण्याआधी कोळसा आणि कापूस कालव्यांतूनच हिंडत होता.

हा नियम ज्यांच्या मनात पक्का रुजला होता असे एक इंजिनिअर दक्षिणेत होते. त्यांचे नाव सर आर्थर कॉटन. ‘कॉटन’ म्हणजे कापूस. कापसाच्या जलवाटेसाठी ज्याने जन्मभर आग्रह धरला त्याचे आडनावही कापूसच असावे, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. 1803 साली जन्मलेल्या ह्या गृहस्थाने 1847 ते 1852 ह्या काळात राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरम् येथे गोदावरीवर भव्य बंधारा बांधला. सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीच्या त्या बंधाऱ्याने दुष्काळाने गांजलेला गोदावरीचा त्रिभुज प्रदेश हिरवागार केला. तेथील कालवे केवळ पाटाच्या पाण्यासाठी नव्हते. त्यांतून नावाही जात आणि त्या काकीनाड्याच्या बंदरापर्यंत पोहोचत. त्या भागातील शेतकरी आजही कॉटन ह्यांचे नाव कृतज्ञतेने घेतात. धवळेश्वरम् येथे जुन्या बंधाऱ्याच्या जागी जो नवा बंधारा उभा आहे, त्यालाही त्यांचेच नाव दिलेले आहे.

बंधाऱ्याच्या खाली नावा सुखाने चालतात, तर मग त्याच्या वर का चालू नयेत? वरच्या अंगाला गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा ह्यांची शेकडो मैलांची नैसर्गिक वाट तयारच आहे. तिच्या एका टोकाला वऱ्हाड व नागपूरचा कापूस आहे, दुसऱ्या टोकाला समुद्र आहे. मधल्या अडचणी तेवढ्या दूर केल्या की झाले! कॉटन ह्यांचा हा विचार सरकारला पटला. 1853 साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले होते. 1861 साली मध्यप्रांत हा नवा प्रांत बनला आणि त्याचे मुख्य अधिकारी सर रिचर्ड टेंपल ह्यांनी ह्या योजनेला उचलून धरले. निजामाशी 1860 साली झालेल्या तहात गोदावरीवरून जाणाऱ्या मालावर कोणी जकात घेऊ नये असे ठरले, आणि नदीच्या डाव्या काठचा मुलूख इंग्रजांकडे आला. त्याचा ‘अप्पर गोदावरी’ नावाचा जिल्हा करून सिरोंचा हे त्याचे मुख्य ठाणे नेमण्यात आले. आज गडचिरोली जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाला असलेले सिरोंचा हे गाव त्या काळी एका मोठ्या जलमार्गाचा नाका होण्याची स्वप्ने पाहत होते.

त्याच सुमारास साता समुद्रांपलीकडे एक घटना घडली आणि ह्या कामाला एकाएकी घाई आली. 1861 साली अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण ह्या भागांत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्या दक्षिण अमेरिकी संस्थानांच्या कापसावर चालत; युद्धनौकांनी तेथील बंदरे अडविली आणि गिरण्यांचा घास तुटला. हजारो गिरणीकामगारांवर उपासमारीची पाळी आली. मग साऱ्यांच्या नजरा हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. मुंबईत भाव कित्येक पटींनी चढले. वऱ्हाडचा कापूस किनाऱ्याला लवकर आणि स्वस्तात कसा पोहोचेल, हा प्रश्न आता मँचेस्टरमध्येही चर्चिला जाऊ लागला. ह्या योजनेमागे वऱ्हाडच्या शेतकऱ्याचे हित मुळीच नव्हते असे नाही. पण सारी निकड त्याच्यासाठी नव्हती, हेही उघड आहे.

आता नदीतील अडचणी पाहू. गोदावरी व प्राणहिता ह्यांच्या मार्गात तीन जागी मोठे अडसर होते. पहिला भद्राचलमच्या थोडा वर दुम्मगुडेम येथे. दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्ली येथे. आणि तिसरा प्राणहितेवर, आजच्या अहेरी तालुक्यातील देवलमरी येथे. अडसर म्हणजे एखादा खडक नव्हे. कित्येक मैलपर्यंत नदीच्या तळाचा पाषाण वर आलेला, मधून पाणी फुटून अनेक धारांनी खळाळत उतरलेले, कोठे गुडघाभर तर कोठे पुरुषाहून खोल, असे ते ठिकाण असे. पुराच्या वेळी तेथे प्रचंड भोवरे फिरत. पूर ओसरला की दगडांचे दात वर निघत. पुरात नाव फुटण्याचे भय, आणि ओहोटीत नाव टेकण्याचे!

ह्यावर उपाय दोन प्रकारचे होते. जेथे थोडेच खडक आडवे येत तेथे पहारीने भोके पाडून सुरुंगाच्या दारूने ते उडवायचे आणि नावेपुरती गल्ली मोकळी करायची. जेथे संपूर्ण अडसर होता तेथे मात्र नदीशी झुंज न घेता तिला बगल द्यायची. ही बगल कशी दिली जाते ते समजून घेण्याजोगे आहे. अडसराच्या वरच्या टोकाला नदीवर आडवा बंधारा घालतात. त्यामुळे तेथे पाणी तुंबून उंच होते. तुंबलेले पाणी काठाने खणलेल्या कालव्यात वळवितात. कालवा अडसराला समांतर चालत खालच्या टोकाशी पुन्हा नदीत येतो. परंतु नदी तेवढ्या अंतरात बरीच खाली उतरलेली असते, आणि कालव्यातील पाणी मात्र वर असते. आता नाव खाली उतरवायची कशी? त्यासाठी कालव्यात दगडी भिंतींचा एक लांबट हौद बांधतात. त्याला दोन्ही टोकांना भक्कम दारे असतात. इंग्रज त्याला ‘लॉक’ म्हणत. वरचे दार उघडून नाव हौदात घेतात व दार लावतात. मग खालच्या बाजूच्या झडपांतून हौदातले पाणी हळूहळू सोडतात. पाणी उतरते तशी नाव उतरते. पाणी खालच्या पातळीला आले की खालचे दार उघडते आणि नाव सुखरूप बाहेर पडते. वर चढायचे असेल तर हाच क्रम उलटा. पाण्याचाच जिना करून नावेला पायऱ्या उतरायला लावण्याची ही युक्ती फार जुनी असून, पुढे 1914 साली खुल्या झालेल्या पनामा कालव्यात तिनेच मोठमोठी जहाजे डोंगरावर चढविली.

कामाची मुख्य जबाबदारी कॅप्टन हेग ह्या इंजिनिअरवर होती. कागदावर आखलेली रेष पात्रात उतरविणे किती कठीण असते, ह्याचा अनुभव त्यांना पदोपदी आला. तो प्रदेश म्हणजे घनदाट अरण्य. वस्ती विरळ, धान्य दुर्मीळ. गवंडी, सुतार, बेलदार दूरदूरहून आणावे लागत. पात्रातील काम नदी उतरल्यावरच करता येई, म्हणजे पौषापासून ज्येष्ठापर्यंतचे महिने काय ते हाती. पावसाळा आला की पुराचे लोंढे अपुऱ्या बांधकामावर आदळत. आणि पावसाळा संपता संपता हिवतापाची साथ सुरू होई. थंडी वाजून ताप भरलेले मजूर खोपटांत पडून राहत, कित्येक दगावत. जे उठत ते गावाकडची वाट धरीत. गोरे अधिकारीही ह्यातून सुटले नाहीत. हा ताप रानातील दूषित हवेने येतो अशी त्या वेळची समजूत होती. त्याचा संबंध डासांशी आहे, हे रोनाल्ड रॉस ह्यांनी सिकंदराबाद येथे दाखविले ते 1897 साली, म्हणजे काम बंद पडल्यावर पाव शतकाहून अधिक काळाने. कालव्याच्या खड्ड्यांत साचलेल्या पाण्याकाठीच मजुरांची खोपटी उभारली जात होती. आपण शत्रूच्या दारात निजतो आहोत हे त्यांना कोणी सांगावे? बंधाऱ्यांच्या हकीकतींत इंजिनिअरांची नावे सापडतात. पहार मारणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवीत नाही.

तरीही दुम्मगुडेम येथील काम बरेच पुढे गेले. बंधारा उभा राहिला, कालवा आणि लॉक बांधले गेले. वरचे दोन अडसर मात्र अपुरेच राहिले.

आता मी तुम्हांला एक छोटेसे गणित घालतो. हे गणित मी माझ्या वर्गात दरवर्षी घालीत असे, आणि ते सोडविताना मुलांच्या चेहऱ्यावर हळूहळू जो उजेड पडे तो पाहणे हा माझा आवडता क्षण असे. पाटीवर बारा महिन्यांचे बारा चौकोन काढा. ज्या महिन्यांत वर्धा आणि प्राणहिता ह्यांत भरलेली नाव चालण्याजोगे पाणी असते, त्या चौकोनांत निळा रंग भरा. आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन हे तर निळे झालेच. कार्तिक कसाबसा निळा धरा. मार्गशीर्षापासून पाणी ओसरत जाते, आणि चैत्रात तर वर्धेचे पात्र गुरे ओलांडून जातात. आता ज्या महिन्यांत कापूस शेतातून घरी येतो, सरकी काढून त्याची रुई होते आणि तिच्या गासड्या बांधल्या जातात, त्या चौकोनांत पांढरा खडू फिरवा. कार्तिकात आरंभ, मार्गशीर्ष, पौष, माघ भरभराटीचे, फाल्गुनात शेवट. झाले? आता पाटीकडे पाहा. निळा आणि पांढरा हे दोन्ही रंग एका चौकोनात किती वेळा आले?

जवळजवळ नाहीच! कापूस तयार होतो तेव्हा नदी आटू लागते. नदी भरते तेव्हा कापूस केव्हाच विकून झालेला असतो. नदीतून न्यायचा तर माघातल्या गासड्या आषाढापर्यंत काठावर रचून ठेवाव्या लागणार. तोवर व्यापाऱ्याचा पैसा अडकणार, आग आणि उंदीर ह्यांचे भय राहणार, पहिल्याच वळिवात माल भिजणार, आणि बाजारभाव काय होईल ते देव जाणे. सागवानाची गोष्ट वेगळी. अहेरीच्या रानातील सागाचे ओंडके पुराची वाट पाहत काठावर पडून राहत आणि पाणी आले की तराफे होऊन गोदावरीतून खाली वाहत जात. लाकडाला घाई नसते. कापूस त्या स्वभावाचा नाही.

हे योजना आखणाऱ्यांना दिसले नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वरच्या नद्यांवर मोठे तलाव बांधून पावसाळ्याचे पाणी साठवावे आणि ते उन्हाळ्यात हळूहळू सोडून नदी बारमाही करावी, असा विचार त्यांच्यापुढे होता. विचार चुकीचा नव्हता. पण तीन अडसर दूर करण्यातच इतका पैसा आणि इतकी वर्षे गेली, की तलावांपर्यंत हात पोहोचलाच नाही. माझ्या मते कॉटन ह्यांची चूक बुद्धीची नव्हती; धवळेश्वरम् खाली जे साधले ते वरही साधेल, हा विश्वास त्यांना नडला. खालचे कालवे सपाट मातीतून गेले होते आणि त्यांना बंधाऱ्याचे पाणी मिळत होते. वरची वाट पाषाणातून होती आणि तिला पाणी देणारा केवळ मेघराज होता.

इकडे नदीत सुरुंग उडत असताना तिकडे सह्याद्रीतही सुरुंग उडत होते. मुंबईहून निघालेल्या ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ रेल्वेने 1863 साली बोरघाट आणि 1865 साली थळघाट जिंकला. मग भुसावळ गाठून लोहमार्ग वऱ्हाडात शिरला. अकोला, बडनेरा मागे टाकून 1867 साली तो नागपुरास पोहोचला. गंमत अशी, की वाटेत तो वर्धा नदी ओलांडूनच गेला. ज्या नदीतून कापूस पूर्वेला जायचा होता, तिच्याच डोक्यावरून पूल बांधून आगगाडी कापूस पश्चिमेला घेऊन जाऊ लागली. त्या पुलाजवळचे गाव पुलगाव म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे. अमरावतीला बडनेऱ्याहून फाटा आला. खामगावला जलंबहून फाटा निघाला आणि 1870 साली तो गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो ह्यांच्या हस्ते सुरू झाला. आगगाडी महाग होती खरी. कॉटन ह्यांनी तिच्याविरुद्ध अखेरपर्यंत लिहिले, आणि जड मालासाठी पाण्याची वाटच स्वस्त हे त्यांचे म्हणणे हिशेबाने खोटेही नव्हते. परंतु आगगाडी पौषातही चालत होती आणि चैत्रातही. व्यापाऱ्याने स्वस्त वाटेपेक्षा वेळेवरची वाट निवडली.

आणखी दोन गोष्टी घडल्या. 1865 साली अमेरिकेतील युद्ध संपले, तेथील कापूस पुन्हा इंग्लंडात येऊ लागला आणि चढलेले भाव कोसळले. मुंबईत पेढ्यांवर पेढ्या बुडाल्या. नंतर 1869 साली सुएझचा कालवा खुला झाला. मुंबईहून लंडनला जाणाऱ्या जहाजाला आफ्रिकेला वळसा घालण्याचे कारण उरले नाही. चार हजार मैलांहून अधिक अंतर वाचले. काकीनाड्याहून निघणाऱ्या जहाजाला मात्र आधी लंका ओलांडून यावे लागे. मनुष्याने खणलेल्या एका कालव्यानेच मनुष्याच्या दुसऱ्या जलमार्गाला निरुपयोगी केले, असे म्हटले तरी चालेल.

1871 साली सरकारने काम कायमचे थांबविले. तोपर्यंत सुमारे सात लक्ष पौंड खर्च झाले होते. त्या काळी एका पौंडाचे दहा रुपये होत. म्हणजे सत्तर लक्ष रुपये. हा पैसा ह्या देशाच्या महसुलातून गेला होता, आणि जलमार्गापासून आलेले उत्पन्न जवळजवळ शून्य होते. तीन वर्षांनी, 1874 साली, अप्पर गोदावरी जिल्हाही मोडला. भद्राचलमकडचा भाग मद्रास इलाख्यात गेला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्यात आले. ज्या गावाला व्यापाराचा नाका व्हायचे होते ते अरण्याच्या टोकावरचे एक दूरचे ठाणे होऊन राहिले. दुम्मगुडेम येथे त्या काळच्या दगडी कामाच्या खुणा अद्याप दिसतात.

वर्धेवर साठवणीचा मोठा तलाव पुढे झाला. तो मोर्शीजवळचा अप्पर वर्धा प्रकल्प. परंतु त्याचे पाणी नावांसाठी नाही. ते शेतांना आणि अमरावती शहराच्या नळांना जाते. आज त्या पाण्यावर नावा चालवा म्हणून कोणी सांगू लागला, तर मोर्शीचा संत्राबागाईतदार त्याला काय उत्तर देईल ते सांगायला नको. 2016 साली संसदेने जो राष्ट्रीय जलमार्गांचा कायदा केला, त्याच्या यादीत पैनगंगा-वर्धा आणि वैनगंगा-प्राणहिता ह्यांचीही नावे आहेत. यादीत नाव येणे निराळे आणि नदीत नाव येणे निराळे, असे मी एकदा वर्गात म्हणालो तेव्हा मुले ‘नाव’ ह्या शब्दावर खूप हसली. एका मुलीने मात्र न हसता विचारले, ‘‘गुरुजी, त्या वेळी त्यांनी बारा चौकोन काढून पाहिले नव्हते का?’’ मी तिला म्हटले, ‘‘काढले असतीलही. पण ज्याला कापूस हवा होता तो मँचेस्टरला बसला होता. त्याला आपला चैत्र कोठून दिसणार?’’

अमरावतीहून नागपूरकडे जाण्याचा प्रसंग तुम्हांला आला, तर धामणगाव सोडल्यावर खिडकीपाशी जाऊन बसा. थोड्याच वेळात चाकांचा आवाज बदलतो आणि गाडी वर्धेच्या पुलावर येते. श्रावणात गेलात तर खाली गढूळ पाण्याचा काठोकाठ लोंढा दिसेल, आणि त्यातून वीस नावा शेजारी शेजारी जातील असे वाटेल. माघात गेलात तर वाळूच्या पसाऱ्यात पाण्याची दोन-तीन वळणे, त्यांत उभी असलेली गुरे आणि पलीकडच्या रस्त्यावरून कापसाने भरलेली मालमोटार जाताना दिसेल.